कागदावर आलं पायजे

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक माझ्याकडे आहे. हिरवा रंग, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव. नंबरातला शेवटचा आकडा गंजानं खाल्लाय. गोडोलीचं घर आवरताना भावानं विचारलं, "ताई, ही भंगारात घालायची का?" मी काही न बोलता रिक्षा बोलावली.

आत फार काही नव्हतं. एक मफलर, पेन्शनचे कागद, कॅन्टीनचं जुनं कार्ड आणि लाल पुठ्ठ्याच्या चार वह्या. फौजेतून आल्यावर आबांनी साताऱ्यातच एका संस्थेची बस चालवली, त्या वेळच्या. रोजची तारीख, किती किलोमीटर, डिझेल किती आणि शेवटी एक ओळ. बहुतेक दिवशी ती ओळ 'गाडी ठीक' एवढीच. पण १९८१ च्या पावसाळ्यातलं एक पान मी कितीदा तरी उघडलंय. 'मागचा ब्रेक धरत नाही. सांगितले.' दुसऱ्या दिवशी, 'ब्रेक धरत नाही. सांगितले.' तिसऱ्या दिवशी, 'ब्रेक धरत नाही. लेखी दिले.' त्यानंतर पान कोरं.

चौथ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं होतं. मी तेव्हा दहावीत होते. संस्थेतले एक गृहस्थ घरी आले होते. चहा घेता घेता आईला समजावत होते की, हवालदारांनी दोन दिवस थांबायचं, झालंच असतं काम, लेखी कशाला द्यायचं, कागद झाला की वर जातो, वर गेला की विचारणा होते. ते गेल्यावर आईच्या संतापाचा बांध फुटला. दोन पोरं शिकतायत आणि तुम्हाला कागदाची पडलीय. आबा ओसरीवर बसून बूट पॉलिश करत होते. कामावर जायचं नव्हतं, तरी करत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातंय. कागदावर आलं पायजे."

हे त्यांनी फौजेतूनच आणलं असणार. ए.एस.सी.त ड्रायव्हर होते ते. फौजेची रसद वाहणारं खातं. पल्टन पुढे लढते, ए.एस.सी. मागून तिचं पीठ, डाळ, रॉकेल, गोळी पोचवते. साताऱ्यात फौजी म्हटलं की लोक छाती आणि मिशी बघतात. आबांच्या हाताच्या तळव्याला ग्रीसचा वास यायचा. घाटात गाडी चढवताना इंजिनाचा आवाज बदलला की बोलता बोलता थांबायचे आणि कान द्यायचे. एस.टी.त प्रवासी म्हणून बसलेले असले तरी.

१९६२ साली ते नेफात होते, म्हणजे आजच्या अरुणाचलात. तेजपूरच्या मैदानातून वर बोमडिला, तिथून पुढे दिरांग, असा त्यांच्या गाडीचा रस्ता. नोव्हेंबरात चिनी फौजा सेला खिंडीला वळसा घालून खाली उतरल्या, तेव्हा दिरांगच्या अलीकडे गाडी सोडून ते इतरांबरोबर पायी निघाले. किती दिवस चालले, काय खाल्लं, बरोबरच्यांपैकी किती पोचले, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. महिन्याभरानं आजीला पोस्टकार्ड आलं. 'मी खुशाल आहे. काळजी नसावी.' ते कार्ड आजीनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं. रोज कुंकवाचं बोट लागून लागून अक्षरं पुसत गेली, शेवटी 'खुशाल' एवढंच वाचता यायचं.

एक वाक्य मात्र आबा म्हणायचे. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी, कोणी चीनचा विषय काढला की. "वरच्यांना ठावंच न्हवतं गं, तिथं काय हाय ते." त्यात राग नसायचा. एखाद्या लहान मुलाची चूक पोटात घालावी तसा आवाज असायचा. वर बसलेल्या साहेबांना बर्फ माहीत नव्हता, रस्ता माहीत नव्हता, म्हणून ते तसं वागले. माहीत असतं तर वागले नसते. या एका समजुतीवर त्यांनी नेफातल्या त्या सगळ्या दिवसांना मनात कुठं तरी जागा करून दिली होती, असं मला आता वाटतं.

आबा २००९ मध्ये गेले. त्यानंतर चारेक वर्षांनी नगर वाचनालयात सहज एक जुना अंक चाळताना मी लेफ्टनंट जनरल थोरातांबद्दल वाचलं आणि हातातला अंक तसाच धरून बसून राहिले. वर एकाला सगळं माहीत होतं. त्यानं ते तीन वर्षं आधी कागदावर लिहून दिलं होतं.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत एस. पी. पी. थोरात. जन्म १२ ऑगस्ट १९०६, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. साताऱ्याहून कोल्हापूरला जाताना कराड, पेठनाका मागे टाकला की वाठारला फाटा लागतो, तिथून आत. त्या रस्त्यानं मी आयुष्यात शंभरदा तरी गेले असेन, पण त्या फाट्याकडे कधी या नावासाठी पाहिलं नव्हतं. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. गोऱ्यांच्या फौजेत हिंदी माणसाला अधिकारी करायचं तर करा, पण लढाईत पल्टन त्याच्या हातात देऊ नका, अशी तेव्हाची रीत. ती रीत मोडायला दुसरं महायुद्ध संपत यावं लागलं.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर, कांगॉ नावाच्या गावाजवळ जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तिथल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पल्टणींचे कमांडर हिंदी होते. थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. थोरातांच्या पंजाबी पल्टणीनं जपान्यांच्या ताब्यातली टेकडी संगिनी लावून, हातघाईवर येऊन घेतली. तिघांनाही डी.एस.ओ. हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवावीत असं मी वाचकांना मुद्दाम सांगते, कारण सतरा वर्षांनी ती पुन्हा एकत्र येतात, आणि तेव्हा टेकडी जिंकायची नसते.

लढाईतल्या शौर्यापेक्षा मला थोरातांचं कोरियातलं काम मोठं वाटतं. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं, पण २२ हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी असे होते की ज्यांनी आपल्या देशात परत जायला नकार दिला होता. त्यांना सांभाळणार कोण? दोन्ही बाजूंना चालेल असं एकच नाव निघालं, भारताचं. मग पाच-सहा हजार भारतीय जवान तिकडे गेले, त्यांचे प्रमुख मेजर जनरल थोरात. कैद्यांचा निवाडा करणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतावर इतके नाराज होते, की भारतीय जवानाचं पाऊल आपल्या जमिनीवर पडू देणार नाही म्हणाले. त्यामुळे इंचॉन बंदरातल्या जहाजांवरून जवानांना हेलिकॉप्टरनं थेट दोन फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथं त्यांनी आपली छावणी वसवली आणि तिला नाव दिलं हिंद नगर.

आता त्या जवानांचं काम काय, ते बघा. ज्यांच्याशी आपलं वैर नाही अशा हजारो माणसांवर काटेरी तारांबाहेर पहारा करायचा. आत त्यांच्यातच मारामाऱ्या, दहशत, खून. ते दगड मारणार, शिव्या देणार. आणि आपण बंदूक खांद्यावर असताना ती वापरायची नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळी चालवायची वेळ आलीच, काही कैदी मेलेही. पण तेवढ्यावर ते आवरलं, भडका उडाला नाही. शिपायाला चढाई करायला सांगणं एक वेळ सोपं. अंगावर थुंकून घेऊन उभं राहा, हे सांगायला आणि त्यानं ते ऐकायला सांगणाऱ्याचा शब्द किती पक्का असावा लागतो!

सुरुवातीच्याच दिवसांत चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून डांबलं. बाहेर जवान भरल्या बंदुकांनी उभे. आत घुसावं तर मेजर जिवंत हाती लागणार नाही, आणि कैद्यांचा खच पडणार. थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले. प्रमुखानं जायचं नसतं तिथं. आत त्या संतापलेल्या घोळक्यात उभे राहून बोलले, ऐकून घेतलं, पुन्हा बोलले आणि आपल्या मेजरला घेऊन बाहेर आले. याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. पुढे त्याचंच नाव कीर्तिचक्र झालं. फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय जवान परत निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ८८ कैदी भारतात आले. त्यांना ना इकडे जायचं होतं, ना तिकडे. पहारेकऱ्यांच्या मागोमाग कैदी त्यांच्या देशात आले. आबांना ही गोष्ट सांगायला मिळायला हवी होती. ते नक्की म्हणाले असते, "साहेब चांगला असणार."

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले, मुख्यालय लखनौला. थिमय्या त्याच वर्षी लष्करप्रमुख. ऑगस्ट १९५९ मध्ये चिन्यांनी नेफाच्या सीमेवरच्या लाँगजूच्या ठाण्यावर हल्ला केला. थोरातांनी आपल्या हद्दीचा, म्हणजे नेफाचा, बारकाईनं विचार करून ८ ऑक्टोबर १९५९ रोजी एक टिपण लष्करी मुख्यालयाकडे पाठवलं. सीमा कशी राखता येईल, त्यासाठी किती फौज, कुठे, कशी लागेल आणि आज आपल्याकडे काय नाही.

त्याचं सार साधं आहे. सीमेच्या रेघेवर प्रत्येक डोंगराला चिकटून बसू नका. तिथं छोटी ठाणी ठेवा, शत्रू आला एवढी खबर देण्यापुरती. खरी लढाई मागे द्या, जिथपर्यंत आपली रसद पोचते आणि त्याची मात्र लांबून लांबून तुटायला येते. ए.एस.सी. ड्रायव्हरच्या मुलीला हे समजायला नकाशा लागत नाही. जिथं गाडी जात नाही तिथं माणूस उभा केला, तर तो आधी उपाशी राहतो आणि मग मरतो. आबांनी हेच मला दुसऱ्या शब्दांत शिकवलं होतं, की घाट चढायचा तर आधी बघावं, पाणी कुठं मिळंल.

थिमय्यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनन यांना ते पटलं नाही. चीनला आपण मुत्सद्देगिरीनं थोपवू, असा त्यांना विश्वास होता. थोरात तरी गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला. चिनी आले तर काय होईल, आपण कुठं कमी पडू, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवलं. म्हणजे आधी लिहून दिलं, मग डोळ्यांना दाखवलं. आपल्या हुद्द्यातून जे जे करता येतं ते केलं.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरात यावेत अशी शिफारस त्यांनी केली होती. नेमणूक झाली जनरल थापर यांची. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. लखनौच्या त्या खुर्चीवर आले एल. पी. सेन, कांगॉच्या टेकड्यांवरचे तिसरे सोबती. १९६२ ला तिथं तेच होते. सेन यांच्यावर मी काही बोलणार नाही. त्यांच्या वाट्याला आलेले हुकूम दिल्लीहून येत होते आणि ते त्यांनी किती अडवले, किती पुढे ढकलले, हा अभ्यासकांचा विषय आहे. पण थोरातांच्या टिपणात जे करू नका म्हटलं होतं, नेमकं तेच झालं. नामका चू नावाच्या नदीकाठी, सीमेला अगदी खेटून, एक अख्खी ब्रिगेड नेऊन बसवली. सुती कपडे, कॅनव्हासचे बूट, रस्ता नाही. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं दऱ्यांत जायचं. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तुटून पडले आणि काही तासांत ती ब्रिगेड संपली. महिन्याभरात सेला गेलं, बोमडिला गेलं. आबा चालत सुटले.

त्याच धामधुमीत नेहरूंनी निवृत्त थोरातांना बोलावून घेतलं. थोरातांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. ती योजना आपल्याला कुणी दाखवलीच नाही, असं नेहरूंचं म्हणणं पडलं. सगळी लढाई हरत चाललेली असताना, देशाचा पंतप्रधान एका निवृत्त माणसाला तीन वर्षांपूर्वीच्या कागदाबद्दल विचारतो. मला नेहरूंचा राग येत नाही त्या जागी, एक प्रकारची कणव येते. कागद खाली अडला होता. आमच्या घरी चहा प्यायला आलेले ते गृहस्थ म्हणाले होते, कागद झाला की वर जातो, पण तो वर जातोच असं नाही. मधे कुणीतरी तो न जाऊ देणारा असतो, आणि बहुतेक वेळा त्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतही नसतं.

मेनन यांचं मंत्रिपद गेलं, आणि त्यांच्या जागी आमचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडात वाढलेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीनं निबंधांत इतकं लिहिलंय की त्याची धार गेली, पण माझ्या आजीला ते खरंच तसं वाटलं होतं. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी त्या पराभवाची चौकशी केली, तिचा अहवाल १९६३ मध्ये आला. चव्हाणांनी सप्टेंबरात लोकसभेत त्यावर निवेदन केलं, आपली फौज कुठं कमी पडली ते जपून शब्दांत सांगितलं. मूळ अहवाल सरकारनं आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षांवर झाली. तो खुला करावा असं मला मनापासून वाटतं. त्यात नावं कुणाची का असेनात. आबांसारखे जे चालत आले आणि जे आले नाहीत, त्यांच्या घरच्यांना वाचायला मिळायला हवा.

थोरात पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर होते, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १० ऑगस्ट १९९२ रोजी गेले. आबा तेव्हा जिवंत होते. साताऱ्यापासून कोल्हापूर ते किती लांब? सकाळची एस.टी. धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. एक माणूस कोल्हापूरकडचा, त्याला सगळं ठाऊक होतं. एक साताऱ्याचा, त्याची समजूत अशी की कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं तीस वर्षं एकाच हमरस्त्याच्या दोन टोकांना जगले.

आबांना हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. ठाऊक नव्हतं म्हणून झालं, यात एक विसावा आहे. ठाऊक असून, लिहून दिलेलं असून झालं, हे कळल्यावर माणूस त्या रात्रींचं काय करणार? माझा भाऊ म्हणतो, बरं झालं नाही कळलं. मला तसं वाटत नाही. आपल्यासाठी वर कुणीतरी भांडला होता, खुर्ची पणाला लावून भांडला होता, हे कळण्याचा आबांना हक्क होता.

आमच्या जिल्ह्यात फौजेची आठवण ठेवायची एक पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. अपशिंगे मिलिटरीला जा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्तंभ आहे. कमानी आहेत, पुतळे आहेत, विजयस्तंभापुढे हात जोडून पोरं भरतीला जातात. माझ्या भावाचा नातू सध्या पहाटे सोळाशे मीटर पळतो. त्याला मी थोरातांची गोष्ट सांगायला बसले तर कांगॉच्या टेकडीवर त्याचे डोळे चमकले, कोरियाला तो सरसावून बसला आणि टिपणाशी येताच म्हणाला, "आजी, मग त्यांनी केलं काय? नुसतं लिहिलंच ना?" त्याचं चुकलं नाही. न वाचलेल्या कागदाचा पुतळा कसा करायचा, हे आम्हा मोठ्यांनाही कुठं ठाऊक आहे? मी ट्रंकेतली वही काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ते पान वाचलं. विचारलं, "मग त्या बसला अपघात झाला का?"

नाही झाला. पुढे तीन-चार वर्षं तरी ती बस मुलांनी भरून साताऱ्यात फिरत होती. ब्रेक कधी तरी केले असतील, किंवा दैवानं सांभाळली असेल. लोक आबांना म्हणायचे, बघा हवालदार, उगाच नोकरी घालवलीत. आबा हसायचे. मला तेव्हा लाज वाटायची, की आपले वडील खोटे ठरले.

पण एक मी डोळ्यांनी पाहिलंय. काम सुटल्यावर ते मला सायकलवरून क्लासला सोडायचे. पोवई नाक्याच्या उताराला समोरून ती बस आली की आबा सायकलवरून उतरायचे. एक पाय जमिनीवर, हँडल घट्ट धरलेलं. बस उतार उतरून वळणाला लागेपर्यंत बघत राहायचे. काही बोलायचे नाहीत, मागे बसलेली मीही बोलायची नाही. वळणावर ती हळू झाली, वळली, दिसेनाशी झाली की त्यांच्या पाठीतला ताण सुटलेला मला मागून कळायचा.

"गेली," म्हणायचे. आणि पायडल मारायचे.